सी-१ ची नोटीस आली. आता पालिका आपल्याला कुठे ठेवणार?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी ‘म्हणजे’ फार वेळा म्हणतो, तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय कोरडा वाटेल पण आहे घरचाच. माझ्या मावशीच्या घरचा.

मावशीची बिल्डिंग जुनी आहे. तळमजला अधिक तीन, पागडीची, जिन्याला लाकडी कठडा. ठाण्यात की डोंबिवलीत ते सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. गेल्या मे महिन्यात एका सकाळी दारावर नोटीस चिकटवलेली दिसली. इमारत ‘सी-१’ वर्गात आहे, तातडीने रिकामी करा, पाणी आणि वीज तोडली जाईल. मावशीने मला फोन केला. मी बीटेक झालेला भाचा, म्हणजे घरातल्या वायफायपासून वारसदार नोंदीपर्यंत सगळं मलाच कळतं असा आमच्याकडे समज आहे. तिचा प्रश्न साधा होता: “अरे, आम्हाला घर खाली करायला सांगतायत, मग ते आम्हाला कुठेतरी ठेवतील ना?”

मी म्हटलं, “हो, ठेवतीलच ना.” हे उत्तर मी काहीही न वाचता दिलं होतं.

पहिली गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘घर नाही म्हणून घर द्या’ असा सरसकट हक्क आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेच्या कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये राहणारा माझा एक मित्र सांगतो की तिथे बेघर व्हायची वेळ आली की स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करता येतो आणि तुमची गरज किती आहे ते कौन्सिलला तपासावं लागतं. आपल्याकडे गरज नंतर बघतात. आधी बघतात तुम्ही कागदावर कोण आहात. मालक? पागडीचे भाडेकरू? लीव्ह अँड लायसन्सवाले? झोपडीधारक? की कोणीच नाही? बिल्डिंग एक, नोटीस एक, पण प्रत्येकाला मिळणारं उत्तर वेगळं. मावशीच्या बिल्डिंगमध्ये मी हे तीन दारांवर बघितलं.

त्याआधी नोटिशीचा अर्थ. पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात, त्या तुम्ही बातम्यांत बघितल्या असतील. राज्याच्या नगरविकास विभागाने ५ नोव्हेंबर २०१५ ला या इमारतींसाठी एक कार्यपद्धती ठरवून दिली. त्याच वर्षी २८ जुलैला ठाकुर्लीत आणि ४ ऑगस्टला नौपाड्यात बी केबिनजवळ इमारती कोसळून माणसं गेली होती. त्या कार्यपद्धतीत चार वर्ग आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक: राहायला अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे माणसं आत असतानाच मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या फरकावर तुमचं सगळं पुढचं अवलंबून आहे. सी-२-ए मध्ये तुम्ही परत त्याच खोलीत येता. सी-१ मध्ये ती खोलीच राहत नाही.

आणि ‘अजून दहा वर्षं काही होत नाही’ म्हणणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. स्लॅब खाली आला, तो मजल्यामागून मजला घेऊन गेला आणि सहा जण गेले. १५ सप्टेंबर २०२३ ला डोंबिवलीत आयरे भागातली आदिनारायण इमारत कोसळली. आधी धोका लक्षात येऊन रहिवाशांना बाहेर काढलं होतं, म्हणून बहुतेक जण वाचले, तरी दोघांचा जीव गेलाच. त्यामुळे मी आज जे काही सांगणार आहे त्याचा अर्थ ‘नोटीस आली तरी बसून राहा’ असा कृपा करून घेऊ नका. बाहेर पडायचंच आहे. प्रश्न एवढाच की बाहेर पडताना हातात काय घेऊन पडायचं.

नोटीस येते ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली. कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामाबद्दल आहे, २६८ इमारत रिकामी करून घेण्याबद्दल. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायची जबाबदारी कलम २६५-अ ने मालकावर किंवा रहिवाशांवर टाकलेली आहे. दोन ऑडिट रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात निघाले, म्हणजे मालकाचा इंजिनियर म्हणतो सी-१ आणि रहिवाशांचा म्हणतो सी-२, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. पागडीच्या इमारतींमध्ये हे भांडण फार कॉमन आहे. का ते तुम्हीच समजून घ्या.

आता पहिलं दार. मावशी.

पागडीवाला म्हणजे कायद्याच्या भाषेत संरक्षित भाडेकरू. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केलं की इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, कारण भाडेहक्क जमिनीशीही जोडलेला असतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली. इमारत पाडण्याआधी राहणाऱ्यांची यादी करा आणि कुणाच्या ताब्यात किती कार्पेट क्षेत्रफळ आहे ते नोंदवा. थोडक्यात, बिल्डिंग गेली तरी हक्क कागदावर जिवंत राहतो. पण तो कागद तयार व्हायला पाहिजे, आणि तो बिल्डिंग उभी असतानाच होतो.

इथे मी घाण केली.

मी मावशीला म्हटलं, सामान बांध, आजच आमच्याकडे ये, बाकीचं मी ऑनलाइन बघतो. टेम्पो आला, दोन दिवसांत खोली रिकामी, दाराला कुलूप. चौथ्या दिवशी मोजणी झाली. मावशीचं दार बंद होतं. मालकाच्या माणसाने जी यादी दिली त्यात तिच्या खोलीपुढे ‘बंद’ लिहिलं होतं आणि भाडेकरू म्हणून नाव होतं तिच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन बावीस वर्षं झाली! भाडेपावतीवर नाव कधी बदललंच नव्हतं, आणि गेल्या काही वर्षांपासून मालक भाडंच घेत नव्हता, त्यामुळे ताज्या पावत्याही नव्हत्या. म्हणजे कागदानुसार त्या खोलीत एक मयत माणूस राहत होता आणि तोही दार बंद करून.

ऑनलाइन बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

पुढचे दोन महिने मी अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या टाकून हे निस्तरलं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो. म्हणून सासऱ्यांपासून मावशीपर्यंतची साखळी जोडून दाखवावी लागली. दोन मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, वीजबिलं, जुन्या पावत्यांचं पुडकं. मावशीने ते पुडकं पत्र्याच्या डब्यात, दागिन्यांच्या खाली ठेवलं होतं, देव तिचं भलं करो. क्षेत्रफळाचा वाद वेगळाच. गॅलरी बंदिस्त केलेली होती, ती धरायची की नाही? तिथे कामाला आले माझ्या फोनमधले घरच्या गणपतीचे फोटो. सलग सहा वर्षांचे, तारखेसकट, गणपती त्याच गॅलरीत बसलेला. शेवटी पुन्हा मोजणी झाली, १८२ चौरस फूट लागले आणि यादीत मावशीचं स्वतःचं नाव आलं. बिल्डिंग तोपर्यंत उभी होती हे आमचं नशीब. आधीच पाडली असती तर काय मोजणार होतो?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. नोटीस हातात आली की त्याच दिवशी तुमच्या प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांच्या नावाने एका पानाचा अर्ज द्या: आम्ही या खोलीत राहतो, आमची मोजणी करून यादीत नाव घ्या, क्षेत्रफळाचा दाखला द्या आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय करा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. घरातली माणसं, विशेषतः म्हातारी माणसं आणि पोरं, लगेच बाहेर काढा. मोजणीच्या दिवशी मात्र घरातलं एक मोठं माणूस किल्ली घेऊन हजर पाहिजे. इमारत आत जाण्यासारखीच उरली नसेल तर बाहेर उभं राहून पंचनाम्यात तसं लिहून घ्या. आणि सामान हलवण्याआधी फोनवर एक व्हिडिओ काढा: जिन्यापासून सुरू करा, दाराचा नंबर, वीजमीटर, मग एकेक खोली, एकही कट न मारता. फुकटचं काम आहे, पाच मिनिटं लागतात.

मालक भाडं घेत नसेल तर आजपासूनच मनीऑर्डरने पाठवायला लागा. परत आली तरी ती पोचपावती हा पुरावा असतो.

आता मावशीचा मूळ प्रश्न: ठेवणार कुठे?

इथे बरेच जण मुंबईशी गल्लत करतात. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, उपकरप्राप्त जुन्या इमारती आहेत. त्यांच्यासाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे आणि संक्रमण शिबिरं आहेत. गिरगावातला चुलतभाऊ ट्रान्झिटमध्ये गेला म्हणून आपणही जाऊ असं मावशीला वाटत होतं. पण ती व्यवस्था मुलुंडच्या टोलनाक्याच्या अलीकडे येत नाही. ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत जे काही आहे ते पालिकेकडे त्या वेळी रिकाम्या असलेल्या घरांवर अवलंबून. ठाण्यात लोक ज्याला नुसतं ‘रेंटल’ म्हणतात ती एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील योजनेतली १६० चौरस फुटांची घरं. रस्त्यात घर गेलेल्यांना आणि धोकादायक इमारतीतल्या रहिवाशांना त्यात तात्पुरतं ठेवतात. कल्याण-डोंबिवलीत बीएसयूपी योजनेतली घरं आहेत, पण ती मुळात झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी बांधलेली, आणि त्यांच्यासाठी रांग आधीच लांब आहे. दुर्घटना झाली तर पहिल्या काही रात्री पालिकेच्या शाळेत काढाव्या लागतात. म्हणजे उत्तर ‘हो, ठेवतात’ असंही नाही आणि ‘नाही’ असंही नाही. लेखी मागितलं, यादीत नाव असलं आणि घर रिकामं असलं तर मिळतं. आमचा अर्ज दिलेला आहे. मावशी तूर्त आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये आहे आणि माझ्या स्टँडअप कॉलमध्ये मागून कुकरच्या शिट्ट्या येतात.

दुसरं दार, खालच्या मजल्यावरचं. माझ्याच वयाचा मुलगा, लग्नाला वर्ष झालेलं, अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. त्याला मिळालं काय? काही नाही. नव्या इमारतीत हक्क नाही, रेंटलमध्ये प्राधान्य नाही. कारण लायसन्सवाला हा परवानगीने राहणारा, त्याचा जागेवर हक्क तयार होत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण याच दारामागे राहतो बरं का! त्याच्यासाठी खरी लढाई डिपॉझिटची असते. करार रजिस्टर्ड असेल तर रक्कम आणि अटी कागदावर असतात. नसेल तर एक कलम पाठ करून ठेवा, भाडेनियंत्रण कायद्याचं ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. त्या मुलाने हे कलम एका व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये टाकलं आणि नव्वदपैकी सत्तर हजार परत आले. वीस अजून बाकी आहेत.

नव्या भागात भाड्याने जाण्याआधी पालिकेची धोकादायक इमारतींची यादी उघडून बिल्डिंगचं नाव शोधा. आपण हॉटेलचे रिव्ह्यू वाचतो, हे वाचत नाही.

तिसरं दार नव्हतंच. जिन्याखाली इस्त्रीवाले काका होते. दिवसा टेबल, रात्री त्याच टेबलाखाली अंथरूण, अशी सतरा-अठरा वर्षं. यादी करणाऱ्याने त्यांना काही विचारलं नाही, आणि खरं सांगतो, आम्हीही त्यांचं नाव सुचवलं नाही. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. झोपडीधारकाला निदान पात्रतेची एक तारीख असते. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर पुनर्वसनात घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून. नाव ‘परिशिष्ट-२’ नावाच्या यादीत लागावं लागतं. जिन्याखालच्या माणसाला अशी कुठलीच यादी नाही.

त्यांच्यासाठी जे आहे ते म्हणजे शहरी बेघर निवारा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत बारमाही, चोवीस तास चालणारे निवारे उभारायला सांगितलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचं प्रमाण ठरलं: एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, आणि माणशी ५० चौरस फूट जागा. ठाण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर. किती खाटा व्हायला हव्यात तो गुणाकार तुम्हीच करा. निवारा हा हक्काचं घर नाही, पण तिथे रात्र काढता येते, आणि तिथल्या पत्त्यावर ओळखपत्रं काढायला मदत करणं हाही त्या योजनेचा भाग होता. आमचे काका गेले नाहीत. टेबल आणि कोळशाची इस्त्री कुठे ठेवणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ते स्टेशनच्या पलीकडे एका दुकानाच्या शटरपुढे बसतात. मावशीच्या साड्या अजून त्यांच्याकडेच जातात.

एका श्रोत्याने मेसेज केला होता: “माझा फ्लॅट डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींपैकी एकात आहे, मला पालिका काय देणार?” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवलेल्या या इमारती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. लोकांनी रेरा नंबर बघून, बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती, म्हणजे आपण सगळे करतो तेच केलं होतं.

मित्रा, गोड बोलून तुझा वेळ घालवत नाही. इमारतच अनधिकृत ठरली की पालिकेने पर्यायी घर द्यावं असा थेट हक्क उरत नाही. नेत्यांनी दिलेला शब्द आणि कागदावरची पात्रता यांत फरक असतो. त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पण कोर्टाच्या आदेशाने होणारं पाडकाम आणि रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी यांच्यालगतची अतिक्रमणं त्यातून वगळली आहेत. म्हणजे ते संरक्षण तुझ्यापर्यंत पोचेलच असं धरून चालू नकोस. तुझा दावा बिल्डरवर आहे, नुकसानभरपाईचा. तो एकट्याने न लढता इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून लढा. आणि अजून फ्लॅट शोधणाऱ्यांनो, रेरा नंबरवर थांबू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का ते विचारा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, ठाणे कोर्टात. महिलांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि दिव्यांगांनाही नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. फोन १५१००. मावशीच्या नावाने अर्ज केला तेव्हा माझा पगार कुणी विचारला नाही, कारण अर्जदार ती होती. पालिकेत फाइल कुठे अडकली आहे ते कळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

ज्यांच्या आईवडिलांची बिल्डिंग १९९५ च्या आधीची आहे त्यांनी या रविवारी घरी गेल्यावर एवढंच विचारा: भाडेपावती किंवा शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, वीजबिल कुणाच्या, आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. आजोबांचं नाव निघालं तर मला कळवा, मावशीच्या वेळी मी केलेल्या अर्जाचा नमुना पाठवतो. त्यात सासऱ्यांच्या जागी आजोबा करायला विसरू नका, एकाने तसाच देऊन टाकला होता.

भेटू पुढच्या गुरुवारी.